बोगदा होईल तेव्हा होईल, जुन्या घाटाचं काय करणार?

कन्नडच्या घाटाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. बोगदा कधी होणार, आणि चाळीसगाव-धुळ्याला जायला किती वेळ वाचणार? दोन्ही रास्त आहेत. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसात या घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातली जड वाहतूक थांबली. त्याआधी तासन्‌तास अडकून पडलेल्यांना विचारा, घाट म्हटलं तरी कपाळावर आठ्या येतात. तेव्हा बोगद्याला किंवा दुसऱ्या कुठल्या पर्यायाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा प्रश्न तिसरा आहे. नवा मार्ग झाला की जुन्या घाटाचं काय? तो कुणाचा? त्याची डागडुजी कोण करणार?

हा प्रश्न मला सुचला तो सायकलमुळे. गारखेड्यातून आम्ही काही जण रविवारी पहाटे निघतो. कधी दक्षिणेला: बीड बायपासवरून महानुभाव आश्रम चौक, मग चितेगाव, बिडकीन, ढोरकीन आणि पैठण. कधी उत्तरेला: नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. दिवाळीनंतर हवा चांगली असली आणि पायात दम असला तर कन्नड, आणि त्याच्या पुढे घाट. एका टोकाला नाथसागराचं पाणी, दुसऱ्या टोकाला गौताळ्याचं जंगल, मध्ये डोंगर आणि लेणी. महाराष्ट्रात यापेक्षा उंच घाट आहेत, हिरवे रस्तेही आहेत. पण इतका जुना रस्ता सायकलच्या चाकाखाली फार थोड्या शहरांना मिळतो.

जुना म्हणजे किती जुना? गौताळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांतली, म्हणजे वेरूळच्या कैलासापेक्षा कितीतरी जुनी. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यातला एक दाता मितदेव, गंधिक कुळातला, म्हणजे अत्तरं-सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा. गाव कोणतं? प्रतिष्ठान, आपलं पैठण. पैठणच्या अत्तरवाल्यानं शंभरावर किलोमीटर लांबच्या डोंगरात खांबासाठी पैसे का द्यावेत? कारण त्याचा माल याच डोंगरांतल्या वाटांनी खानदेशात आणि पुढे भडोचच्या बंदराकडे उतरत असणार. वाटेवरच्या भिक्षूंच्या मुक्कामाला दान देणं म्हणजे पुण्यही आणि व्यवहारही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलं आहे. माल गाड्यांतून येतो आणि मोठ्या टापूत धड रस्ताच नाही, असंही त्यात आहे. रस्त्यांबद्दलची आपली तक्रार दोन हजार वर्षांची आहे म्हणायची!

या वाटेचा दुसरा मोठा प्रवासी एकनाथ महाराज. सांप्रदायिक चरित्रांत सांगतात की बारा वर्षांचा एकनाथ घरी न सांगता पैठणहून निघाला आणि चालत देवगिरीला पोचला, किल्ल्यावरच्या जनार्दनस्वामींकडे. पुढे गुरूंच्या आज्ञेनं खुलताबादजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर त्यांनी तप केलं. ही काही दंतकथेतली अंतरं नाहीत. पैठण ते दौलताबाद साठेक किलोमीटर, आणि मग वर डोंगर. मी हे अंतर गिअरच्या सायकलवर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन कापतो आणि संध्याकाळी पाय चेपत बसतो. ते पोर अनवाणी गेलं असेल. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीच्या दिंड्या आजही पैठणच्या रस्त्यानं चालत जातात, तेव्हा हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा आहे हे वर्षातून एकदा तरी आपल्याला आठवतं.

आता दौलताबादला या. भिल्लम यादवानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी केली, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी इथवर आला, १३२७ मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानीच इथे हलवली. हे शाळेत शिकलोय. शाळेत सांगत नाहीत ती गोष्ट रस्त्याची. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूतानं लिहून ठेवलंय की दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, चालणाऱ्याला वाटावं आपण बागेतून चाललोय. डाकेची ठाणीही ठरावीक अंतरानं. राजधानी हलवण्याचा निर्णय वेडा म्हणून आपण सातशे वर्षं हसतोय, पण त्या वेड्या सुलतानाच्या रस्त्याला सावली होती. आपण आज शहाणपणानं जे रस्ते करतो, त्यांना ती नाही.

त्या दिल्लीच्या वाटेची आठवण म्हणजे दौलताबादच्या तटातला दिल्ली दरवाजा. आजही वेरूळला जाणारा रस्ता त्याच दरवाजातून जातो. हत्ती जाईल एवढी उंची ठेवून बांधलेल्या कमानीत दोन बस समोरासमोर आल्या की सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे रांगा लागतात. सायकल मात्र सुरळीत निघून जाते. कारण उघड आहे: कमान ज्या वेगासाठी बांधली, त्याच वेगाचं वाहन तेवढं एक उरलंय. दरवाजा ओलांडला की चढ लागतो. वर कागजीपुरा, जिथे हातकागद बनवण्याची कला शतकानुशतकं टिकून आहे. मग खुलताबाद: मलिक अंबरची कबर, औरंगजेबाची कबर, सुफींचे दर्गे आणि भद्रा मारुती, सगळं एका डोंगरावर. तिथून उजवीकडे म्हैसमाळचा चढ. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटरवर, म्हैसमाळचं पठार हजाराच्या आसपास. एवढं चढणं म्हणजे आमच्यासारख्यांची वार्षिक परीक्षाच असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नवा रस्ता आला की जुन्याचं काय होतं, याची आपल्या जिल्ह्यात तीन उदाहरणं आहेत.

पहिलं, नांदगावचा रस्ता. वेरूळची लेणी पाहायला परदेशी माणसं सतराव्या शतकापासून येतायत. थेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून येऊन लेणी पाहून गेला. १८२४ मध्ये सीली नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 'वंडर्स ऑफ एलोरा' हे पुस्तकच लिहिलं. आगगाडी आल्यावर मुंबईहून येणारा माणूस नांदगाव स्टेशनवर उतरायचा आणि टांग्यानं किंवा बैलगाडीनं देवगाव रंगारीमार्गे वेरूळला, तिथून पुढे शहरात. तेव्हा आपल्या शहराचं खरं प्रवेशद्वार नांदगाव होतं. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली, शहराला स्वतःचं स्टेशन मिळालं आणि नांदगावचा रस्ता मागे पडला. कुणी तो मोडला नाही. विसरला, एवढंच.

आणि गंमत पहा. २०२३ मध्ये घाटातून ट्रक बंद झाले तेव्हा ते वळवले कुठे? कसाबखेडा, देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव. शंभर-सव्वाशे वर्षांनी विसरलेला रस्ताच कामाला आला. पण इतकी वर्षं त्याची देखभाल आडरस्ता म्हणून झाली आणि अचानक त्यावर महामार्गाचं ओझं पडलं. त्या वाटेवरच्या गावांतल्या लोकांना विचारा, रात्री झोप कशी लागते ते.

दुसरं उदाहरण पाण्याखालचं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण देशाला अर्पण केलं. शंभरावर गावं हलली. गावं बुडाली याबद्दल लिहिलं गेलं, गावांना जोडणारे रस्तेही बुडाले याबद्दल फारसं नाही. लग्नाची वऱ्हाडं, बाजाराच्या बैलगाड्या, लेकी माहेरी यायच्या त्या वाटा सगळ्या तळाशी गेल्या. पलीकडच्या काठावरचं सोयऱ्याचं गाव नजरेच्या टप्प्यात राहिलं आणि पायाच्या टप्प्याबाहेर गेलं. त्याच पाण्यावर आज आपण जगतो, शहराच्या नळाला येतं ते तेच. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. काठाकाठानं सायकल चालवताना फार छान वाटतं. त्या छान वाटण्याची किंमत कुणी दिली हेही कळलं पाहिजे, म्हणून लिहिलं.

तिसरं उदाहरण अजिंठ्याच्या रस्त्याचं. फुलंब्री, सिल्लोड, फर्दापूर. हा रस्ता पाण्यात गेला नाही, विस्मरणातही गेला नाही. तो रुंदीकरणानं खाल्ला. कडेची जुनी झाडं गेली आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्या काळात जगप्रसिद्ध लेण्यांकडे जाणारे पर्यटक धुळीत न्हाऊन निघाले. आता काँक्रीट गुळगुळीत आहे, गाडी छान पळते. पण एप्रिलमध्ये त्या रस्त्यानं दहा किलोमीटर पायी किंवा सायकलनं जाऊन बघा. सावली म्हणून फलकाच्या खांबाची पट्टी मिळते, तेवढीच.

विसरणं, बुडवणं, खाणं. जुन्या रस्त्यांचं आजवर आपण हेच केलंय. कन्नडच्या घाटाबाबत चौथी गोष्ट करायची संधी आहे.

घाटाचं कागदोपत्री नाव औट्रम घाट, बोलण्यात औत्रम. जेम्स औट्रम हा कंपनी सरकारचा अधिकारी. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली, तिचा तो प्रमुख. डोंगरातल्या भिल्लांनी अनेक वर्षं इंग्रजांना जेरीस आणलं होतं, तेव्हा त्यांनाच गणवेश देऊन बंदोबस्ताला लावायचं, असं ते धोरण. नाव मात्र साहेबाचं लागलं. ज्यांचा डोंगर होता आणि ज्यांनी दगड फोडले, त्यांची नावं घाटाला पडत नसतात. पण औट्रमच्या आधीही माणसं इथून ये-जा करतच होती. कन्नड तालुक्यातल्याच अंतूर किल्ल्याजवळ निजामशाहीतला एक चौकोनी दगडी खांब आहे, त्यावर फारसीत दिशा कोरल्यात: इकडे दौलताबाद, तिकडे बुऱ्हाणपूर. चारशे वर्षांपूर्वीची रस्त्यावरची पाटी! आणि घाट उतरून गेलं की पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. शिलालेख आहे त्याचा. म्हणजे या डोंगरातून अत्तर गेलं, सैन्य गेलं आणि गणितही गेलं.

१९८६ मध्ये हा डोंगर गौताळा औट्रमघाट अभयारण्य झाला. क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेहून अधिक किलोमीटर चालत एक वाघ इथे आला. कितीतरी दशकांनी गौताळ्यात वाघाचं पाऊल उमटलं. तोही जुन्या वाटेचाच प्रवासी म्हणायचा. त्यानं किती महामार्ग ओलांडले असतील, विचार करा.

आता एक आक्षेप येणारच, तो मीच मांडतो. "लाखभराच्या सायकलवर, हेल्मेट-गॉगल लावून रविवारी फिरणाऱ्यांसाठी घाट राखून ठेवायचा का?" प्रश्न बरोबर आहे. पण सायकल ही आपल्या शहरात मुळात हौसेची वस्तू नव्हती. चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळीला जाणारा माणूस सायकलवरच जायचा. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, शहर दुचाकी बनवायला लागलं आणि चालवायलाही. सायकल गरिबाघरी राहिली, मग बऱ्याच वर्षांनी आमच्यासारख्यांकडे हौस म्हणून परत आली. पण ती गरिबाघरून गेलेली नाही. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर गावातून शाळेत जाणाऱ्या मुली बघा. दुधाचे कॅन लावलेले गडी बघा. श्रावणातल्या शनिवारी रात्रभर चालत भद्रा मारुतीला जाणारे हजारो लोक बघा. नाथषष्ठीच्या दिंड्या बघा. हळू जाणारा माणूस या जिल्ह्यात अल्पसंख्य नाही. त्याच्यासाठी रस्ता नाही, एवढंच.

रस्त्याची कड नावाची जी गोष्ट असते, ती आपल्याकडे एक तर खचलेली असते किंवा उभ्या ट्रकनं अडवलेली असते. शरणापूर फाट्याच्या अलीकडे एकदा मागून आलेल्या डंपरच्या वाऱ्यानंच मी हँडलसकट मातीत गेलो. लागलं काही नाही, खरचटलं. पण माझ्या जागी शाळेची पोरगी असती तर, हा विचार आठवडाभर डोक्यातून गेला नाही.

आणखी एक गैरसमज: चांगले रस्ते मोटारींसाठी झाले आणि सायकलवाले आगंतुक. इतिहास उलटा आहे. इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये रस्ते सुधारणेसाठी संघटना काढली ती सायकलवाल्यांच्या क्लबांनी. मोटार तेव्हा नुकती कुठे कारखान्यातून डोकावत होती. धोक्याच्या उतारांवर सूचनेचे फलकही तिथे आधी सायकल क्लबांनीच लावले. अमेरिकेतही चांगल्या रस्त्यांची चळवळ सायकलवाल्यांनी चालवली. मोटार मागून आली आणि तयार पानावर बसली.

मग चौथी गोष्ट म्हणजे नेमकं काय? इटलीत आल्प्समध्ये स्टेल्व्हिओ नावाचा घाट आहे. १८२० ते १८२५ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यानं बांधला, म्हणजे आपल्या औट्रमचाच काळ. उंची २७५७ मीटर, एका बाजूला ४८ वळणं, भोवती १९३५ पासून राष्ट्रीय उद्यान. व्यापाराला आज त्या रस्त्याची गरज नाही, मालवाहतूक दुसरीकडून जाते. पण त्यांनी रस्ता जपला. वर्षातून एक दिवस तो मोटारींना बंद करतात आणि हजारो लोक सायकलनं चढतात. खालच्या गावांतली हॉटेलं आणि दुरुस्तीची दुकानं त्या सायकलवाल्यांवर कमावतात. आपल्याकडे कन्नडच्या चहावाल्यांचं, ढाबेवाल्यांचं बोगद्यानंतर काय होणार, याचं उत्तर यातच आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक. बोगदा किंवा पर्यायी मार्ग, जे काही ठरेल, त्याच्याच आराखड्यात जुन्या घाटाचं पान असावं. नवा मार्ग झाला की महामार्गाचा जुना तुकडा साधारणपणे राज्याच्या बांधकाम विभागाकडे येतो, आणि त्यासोबत पुरेसा पैसा आला नाही की तो खड्ड्यांत जातो. तो हस्तांतराचा पैसा आणि जबाबदारी आधीच लिहून ठेवा.

दोन. जुना घाट दिवसा हलकी वाहनं, सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी खुला, रात्री जनावरांसाठी बंद. अभयारण्यातून जाणाऱ्या रस्त्याला हे शोभतं. रुग्णवाहिका आणि स्थानिक गावकरी यांना अर्थातच कायम मोकळीक.

तीन. घाट जिता ठेवला तर आपत्तीतही तो उपयोगी पडेल. बोगदाही दुरुस्तीला कधीतरी बंद होणारच. तेव्हा पुन्हा नांदगावच्या गावांवर ओझं टाकायचं का?

चार. बोगद्याची वाट न पाहता आजच करता येईल अशी गोष्ट: पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी दहापर्यंत खुलताबाद-म्हैसमाळ रस्ता फक्त हळू चालणाऱ्यांसाठी. स्थानिक आणि एसटी सोडून. एका पावसाळ्यात करून बघा, नाही जमलं तर सोडून द्या.

आणि पाच. नव्या प्रत्येक रस्त्याला कड आणि झाडं. हे मागायला लाज वाटायचं कारण नाही. तुघलकाच्या काळात होतं, तेवढंच मागतोय.

कन्नड, चाळीसगाव, खुलताबाद, देवगाव, शिऊरकडच्या वाचकांनी यात भर घालावी. तुमच्या गावातून जाणारा जुना रस्ता कुठला होता, आता तो कुठे आहे, आजी-आजोबांना विचारून लिहा. रस्त्यांचे निर्णय नकाशावर होतात आणि नकाशावर फक्त नवी रेघ दिसते. जुनी रेघ कुणी चालली होती, हे आपणच सांगायला हवं. तेही आराखडा मंजूर होण्याच्या आधी.